माळ्याचा ताप

आमच्या घरात माळ्यावरचं काम बायका करतात. का, ते मी कधी विचारलं नाही. वडिलांनीही विचारलं नसावं. पुरुषांनी द्राक्षं तोडायची, टोपल्या खांद्यावरून वर पोचवायच्या. तिथून पुढे शंभर दिवस माळा बायकांचा.

आम्ही गोड वाइन करतो. ताज्या द्राक्षांची नाही, सुकवलेल्या. लाकडी ट्रेमध्ये पेंढा पसरायचा, त्यावर घड सुटे सुटे मांडायचे आणि थंडी सरेपर्यंत सुकू द्यायचे. मणी सुरकुततात, पाणी उडून जातं, गोडी तेवढी मागे राहते. टोपलीभर द्राक्षांचा जेमतेम तांब्याभर रस निघतो. तो छोट्या पिंपात भरायचा, तोंड मेणाने बंद करायचं आणि चार वर्षं त्याला हात लावायचा नाही.

रोज प्रत्येक घड उलटावा लागतो, कारण एक मणी कुजला तर तो अख्खा ट्रे घेऊन बसतो. बाकीच्या बायका बुरशी डोळ्यांनी शोधतात. माझी बायको नाकाने शोधायची. ट्रेवर वाकून, जवळजवळ तोंड आत घालून, एक लांब श्वास घ्यायची आणि बोट बरोबर त्या मण्यावर ठेवायची. वरून मणी चांगला दिसायचा. फोडला की आत करडा निघायचा.

"हिच्याशी खोटं बोलायची सोय नाही," मी लोकांना सांगायचो. "वासावरून पकडते."

सुकवणीच्या दिवसांत माळ्यावरच्या बाईला संध्याकाळी कणकण येते. कोरडा खोकला येतो, अंग मोडून येतं, सकाळपर्यंत उतरतं. त्याला आम्ही माळ्याचा ताप म्हणतो. माळ्याला ताप आला की रस चांगला उतरतो, असंही आमच्या धंद्यात म्हणतात. माझी आई संध्याकाळी गोधडी घेऊन पडली की वडील खुशीत असायचे. मीही तेच शिकलो. बायकोला पहिल्या वर्षी ताप आला तेव्हा मी शेजारी सांगून आलो होतो.

शेजारी म्हणजे माझा धाकटा भाऊ. घर एकच होतं, मधे भिंत घातली. त्यांचा माळा त्याची बायको बघते. दोन्ही माळ्यांच्या मधे फक्त फळ्या आहेत, त्यामुळे जावाजावांच्या गप्पा फळ्यांतूनच चालायच्या.

चार वर्षांपूर्वी बायकोचा ताप सकाळी उतरेनासा झाला. जिना चढताना मधल्या पायरीवर ती थांबायला लागली. तेवढ्यात तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून ती आठ दिवस तिकडे गेली. घड मी कसेबसे उलटले. ती परत आली ती चांगली तरतरीत होऊन. खोकला नाही, ताप नाही. दुसऱ्या दिवशी माळ्यावर गेली आणि संध्याकाळी गोधडीत.

"जाऊबाई, तुम्हाला सासर मानवत नाही," भावाची बायको म्हणाली.

"तीस वर्षांनी कळलं होय गं तुला?" ही म्हणाली. दोघी हसल्या आणि दोघींनाही खोकला आला. मग त्यावरूनही हसल्या.

मीही हसलो. पण ते आठ दिवस माझ्या डोक्यात राहिले. मला काहीच कळलं नव्हतं असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं. ते खरं नाही. अर्धं कळलं होतं.

मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि तिला फोटो काढायला आतल्या खोलीत पाठवलं. मग चष्मा काढून मला म्हणाले, "हा खोकला साधा वाटत नाही. काही लोकांना बुरशीची धूळ बाधते. कुजका पेंढा, कुजकी फळं, अशा जागी काम करणाऱ्यांना. तसं असेल तर औषधाने भागणार नाही. ते काम आजच्या आज सोडावं लागेल, नाहीतर फुप्फुसं कायमची जातात. कुठे कामाला असतात या?"

माळ्यावर तेव्हा सगळे ट्रे भरलेले होते. चांगलं वर्ष होतं, गेल्या दहा वर्षांतलं सगळ्यात चांगलं. तिच्यासारखं नाक दुसऱ्या कुणाला नव्हतं. रस काढायला किती दिवस उरलेत ते मी तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या मोजलं. मनात म्हटलं, एवढे दिवस जाऊ देत, मग हिला माळ्यावर पायसुद्धा ठेवू देणार नाही.

तेवढ्यात ती पदर सारखा करत बाहेर आली.

"घरीच असते," मी म्हणालो.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. खोकल्याचं औषध दिलं आणि पंधरा दिवसांनी परत या म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर ती हसायला लागली. "घरीच असते म्हणे! आणि द्राक्षं कोण उलटतं, तुमची मावशी?" हसता हसता तिला असा खोकला आला की कठड्याला धरून उभी राहिली. दवाखान्याचं दार आमच्या मागे उघडंच होतं. दहा पावलं असतील. मी म्हणालो, "त्यांना काय करायचंय आपल्या माळ्याशी."

पंधरा दिवसांनी आम्ही गेलो नाही. ती रोज वर चढत राहिली आणि मी रोज खालून बघत राहिलो. शेवटचे काही दिवस मी तिला हात धरून वर न्यायचो. लोक म्हणायचे, बायकोला किती जपतो.

रस उतरला तो काळसर सोन्यासारखा. पिंप मेणाने बंद केलं की माळा सांभाळणाऱ्या बाईने गरम मेणावर अंगठा दाबायचा, ही आमची रीत. तिला तळघराच्या पायऱ्या उतरवेनात, म्हणून मी पिंप स्वयंपाकघरात आणलं. तिने खुर्चीत बसूनच अंगठा दाबला.

"भाजलं मेलं," म्हणाली, आणि अंगठा तोंडात घातला. ठसा थोडा वाकडा उमटला.

थंडी संपल्यावर तिला मोठ्या हॉस्पिटलात ठेवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" त्या मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या दमलेल्या होत्या. दोन महिन्यांत ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय म्हणून "गृहिणी" लिहिलं होतं. बरोबर आहे का बघा, असं खिडकीतल्या माणसाने विचारलं. मी बरोबर आहे म्हणालो.

त्यानंतर माळा मीच बघू लागलो. मला नाक नाही. तीन वर्षं रस बरा उतरला, चांगला उतरला नाही. मला संध्याकाळी कणकण यायची. ती मला आवडायची, असं म्हटलं तर लोकांना विचित्र वाटेल.

यंदा तिच्या पिंपाची चार वर्षं भरली.

मुलगी शहरात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. ती मुद्दाम आली. आमचा माल नेणारा व्यापारीही आला. त्याला सगळे एकघोट म्हणतात, कारण "फक्त एक घोट" म्हणून तो अर्धी बाटली संपवतो. जगभर हिंडलेला माणूस. दर वेळी तो माझ्या बायकोला कुठल्या कुठल्या गावच्या गोष्टी सांगायचा. कुठल्याशा बेटावर द्राक्षं चटयांवर टाकून भर उन्हात सुकवतात, आठवड्यात काम खलास. कुठे घडाचा देठ पिरगाळून तो वेलीवरच सुकू देतात. कुठे दोरीला घड बांधून आढ्याला टांगतात, खालून-वरून वारा खेळतो. बायको हे सगळं कान देऊन ऐकायची. एकदा मला म्हणाली होती, "आपण टांगून बघू या का? गाडीच्या छपरीत? पेंढा नको, वाकायला नको."

मी म्हणालो होतो, "आपण काय कपडे वाळत घालतोय?"

पिंप आणून टेबलावर ठेवलं. सुरी माझ्या हातात होती. मेणावर तिचा वाकडा अंगठा. माझ्याच्याने सुरी लाववेना.

"द्या इकडे," मुलगी म्हणाली. तिने ठशाच्या बाजूबाजूने कापत मेणाची चकती अख्खी काढली आणि रुमालात बांधून ठेवली. मग तिने तीन पेले भरले.

एकघोटने पेला उजेडात धरला, वास घेतला, घोट घेतला. पेला पुन्हा उजेडात धरला. मग म्हणाला, "इतकी गावं पालथी घातली मी. अशी मिळाली नाही. वहिनींचं नाक हो, वहिनींचं नाक."

"अजून एक घोट, काका?" मुलगी म्हणाली.

"तू आग्रह करतेस म्हणून."

मुलीने स्वतःचा पेला दोन्ही हातांत धरला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. मी पेल्याला ओठ लावले आणि खाली ठेवला. सुक्या जर्दाळूची चव होती, मागून थोडी जळक्या साखरेची.

"अख्खं पिंप मला हवं," एकघोट म्हणाला. "बाटल्या गाडीतच आहेत. आणतो." तो बाहेर गेला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "मी नोकरी सोडतेय. तुम्हाला सांगणारच होते. आता हे प्यायल्यावर तर ठरलंच. माळा मी बघणार."

"तुला कुठे जमतंय?"

"आईचं नाक कुणाकडे आलंय? लहानपणी ती मलाच तर ट्रेवर वाकवायची. थांबा, दाखवते." मी काही बोलायच्या आत ती जिना चढून वर गेली.

यंदाची द्राक्षं ट्रेवर पडून तीन आठवडे झाले होते. मी तिच्या मागे गेलो आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबलो. ती खिडकीजवळच्या ट्रेवर वाकली होती. अगदी तशीच. तोंड जवळजवळ घडांत, डोळे मिटलेले. तिने लांब श्वास आत घेतला.

"खाली ये," मी म्हणालो.

"आले. हा बघा! धरला की नाही?" तिने एक मणी फोडला. आत करडा होता. "म्हटलं नव्हतं?"

"आधी खाली ये."

"पडत नाही हो मी, बाबा."

"पडशील म्हणून नाही." मी पायरीवरच बसलो. "तुझ्या आईला दवाखान्यात नेलं होतं ना मी. डॉक्टरांनी विचारलं, कुठे काम करतात. मी म्हणालो, घरीच असते."

ती हसली. "माहितीये मला! आईने तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. 'तुझ्या बाबांनी तीस वर्षांनी मला घरी बसवलं.' किती हसलो होतो आम्ही. मी माझ्या दुकानात पण सांगते सगळ्यांना."

"त्याच्या आधी डॉक्टर काय म्हणाले ते तिने ऐकलं नव्हतं. ती आत होती."

"काय म्हणाले?"

मी पायरीवर पडलेली पेंढ्याची काडी उचलली.

"बाबा, काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. बुरशी, पेंढा, आजच्या आज सोडावं लागेल, फुप्फुसं कायमची जातात. एकही शब्द मी विसरलेलो नव्हतो. बोलताना मी तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या हातातल्या फुटक्या मण्याकडे बघत होतो.

"आणि मग?"

"मग ती बाहेर आली. आणि मी म्हणालो, घरीच असते."

खाली एकघोटच्या गाडीचं दार आपटलं.

"किती दिवस उरले होते?" तिने विचारलं.

"कशाला?"

"रस काढायला."

"बेचाळीस."

"म्हणजे मोजले होते," ती म्हणाली.

ती माझ्या बाजूने जिना उतरली. अंगाला अंग लागू नये म्हणून भिंतीला चिकटून. एकघोट खोकं घेऊन दारात उभा होता. आमची तोंडं बघून म्हणाला, "काय, वाटणीवरून भांडण? मी सगळंच नेतो, मिटलं भांडण."

"काका, आज जा तुम्ही. हे विकायचं नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग खोकं तिथेच ठेवून निघून गेला. पेल्यात अर्धी उरली होती, तीही प्यायला नाही. मुलीने तिन्ही पेले धुतले, पुसले, जागेवर ठेवले. रुमालातली चकती पर्समध्ये टाकली. माझ्याशी एक शब्द न बोलता गेली.

तीन आठवडे तिने फोन उचलला नाही. मी रोज घड उलटत होतो. संध्याकाळी दारात बसलं की शेजारून भावाच्या बायकोचा खोकला ऐकू यायचा. चार वर्षं ऐकत होतो. पण आता तो ऐकताना उठून आत जावंसं वाटायचं, आणि आत गेलं तरी भिंतीतून यायचाच.

"यंदा हिचा ताप उतरायचं नाव घेत नाही," भाऊ कुंपणापाशी म्हणाला. चेहरा खुशीत. "रस बघ कसा उतरतो."

मी बरं म्हणालो. बरं म्हणालो आणि घरात आलो. मुलीला सांगितलं म्हणजे मोठं काम झालं असं मला वाटत होतं. त्या दिवशी कळलं की काहीच झालेलं नाही. हा खोकला कशाचा आहे हे आमच्या या सबंध वस्तीत फक्त मला माहीत होतं, आणि भावाची बायको चार वर्षं माझ्या भिंतीपलीकडे खोकत होती.

चौथ्या आठवड्यात मुलगी आली. गाडीतून दोरीची बंडलं काढली, तोंडाला फडकं बांधलं, मलाही एक दिलं.

"ट्रे खाली घ्या सगळे. छपरीत टांगायचे घड."

"एवढे?"

"एवढे."

दोन दिवस आम्ही घड बांधत होतो. छपरी तिन्ही बाजूंनी उघडी, वारा आरपार. ती कामापुरतंच बोलायची. देठ धरा. गाठ सैल आहे. शिडी सरकवा. जेवायला ती अंगणात बसली, मी स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं आढं घडांनी भरलं आणि ते वाऱ्यावर हलायला लागले. खरंच कपडे वाळत घातल्यासारखे दिसत होते. मला तिच्या आईला दाखवावंसं वाटलं. मी ते बोललो नाही. मला तो हक्क नव्हता.

"उद्या दवाखान्यात जायचंय," मुलगी हात धुताना म्हणाली.

"मला काही झालेलं नाही."

"तुमच्यासाठी नाही. मला सांगितलंत ना, ते आता त्यांना सांगायचं."

"त्याने काय होणार?"

"मला नाही माहीत." तिने नळ बंद केला. "मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. मला विचारूही नका. पण सांगायचं."

दवाखाना तोच, खुर्चीही तीच. डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते. त्यांना मी आठवत नव्हतो. मुलगी दाराशी उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"काय होतंय?" डॉक्टर म्हणाले.

"चार वर्षांपूर्वी मी बायकोला घेऊन आलो होतो. तुम्ही विचारलं होतं, कुठे काम करतात. मी घरीच असते म्हणालो. ते खोटं होतं. ती माळ्यावर द्राक्षं सुकवायची. बुरशीतच असायची दिवसभर. तुम्ही जे म्हणाला होतात ते मी तिला सांगितलं नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आता त्या कशा आहेत?"

"गेली."

त्यांनी मला दोष दिला नाही, धीरही दिला नाही. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला.

"तुमच्या वस्तीत किती घरांना असे माळे आहेत?"

"अकरा."

"आणि ताप?"

"सगळ्यांना येतो. आम्ही त्याला चांगलं मानतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. मला समजलं की आता मी नावं सांगणार आणि वस्तीत कुणी माझ्याशी बोलणार नाही. भाऊ तर नक्कीच नाही. ऐन सुकवणीत त्याचा माळा बंद पडणार होता. मी दाराकडे बघितलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. महिनाभरात पहिल्यांदाच सरळ बघत होती.

मी भावाच्या बायकोचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

"काय करतात त्या?"

"माळ्यावर काम करते," मी म्हणालो. "दिवसभर."